हात धुऊन आलेले मतदार

“मॅडम, आ भाईनो हाथ सुंघो.”

मतदान सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. पोलिंग एजंट हितेशभाई खुर्ची सोडून शाईच्या टेबलाशी आले होते आणि एका मतदाराचं मनगट धरून ते माझ्या नाकासमोर नाचवत होते. मतदाराचा हात असा धरायचा अधिकार एजंटला नाही. आधी मी तो सोडायला लावला. मग दुसरा इलाज नव्हता म्हणून वाकले आणि वास घेतला.

विझलेल्या काडीसारखा उग्र वास होता. डोळ्यांत पाणीच आलं. बोटं पांढरीफटक पडलेली, टोकं सुरकुतलेली, नखं पिवळसर. डावी तर्जनी तर घासून घासून लाल झाली होती. मी रांगेकडे पाहिलं. त्याच्यामागे त्याच्याच वयाचे, तसेच रात्र जागून आलेले आणखी काही जण उभे होते. सगळ्यांचे हात तसेच.

“बीजे बूथे वोट नाखीने, निशान काढीने आव्या छे,” हितेशभाई म्हणाले. म्हणजे दुसऱ्या बूथवर मत टाकून, बोटाची शाई काढून इथे पुन्हा आलेत. ते हे हळू बोलले नाहीत. पुरुषांची रांग, बायकांची रांग, दारातला कॉन्स्टेबल, सगळ्यांनी ऐकलं.

मी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. स्वभावाने काळजी करणारी. घराला कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारी. अशा बाईला सरकारने लोकसभेच्या मतदानाला प्रिसायडिंग ऑफिसर केलं. प्रिसायडिंग म्हणजे त्या एका बूथचा मुख्य. मशीन, माणसं, कागद, भांडणं, सगळं त्याच्या गळ्यात. ऑर्डर हातात पडली त्या दिवसापासून माझी झोप उडाली होती. नवरा म्हणायचा, “अगं, बटण लोक दाबणार आहेत, तू नाही.” त्याला काय जातंय बोलायला.

आता आमच्या शहराची गंमत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुरत एक शहर असलं तरी लोकसभेला ते एक नाही. पूर्वी लिंबायत, उधना हा सगळा भाग सुरतच्या जागेसाठी मत द्यायचा. मग मतदारसंघांची नवी आखणी झाली आणि हा भाग नवसारीच्या जागेत गेला. राहायचं सुरतेत, पाणीपट्टी सुरतेत भरायची, खासदार मात्र नवसारीचा. आपले खानदेशातले बहुतेक लोक याच भागात. अजूनही म्हातारी माणसं विचारतात, “नवसारी कुठे, आम्ही कुठे?”

आणि त्या वर्षी तर कहरच झाला. सुरतच्या जागेवर एकच उमेदवार उरला. तो बिनविरोध आला. म्हणजे शहराच्या अर्ध्या भागात मतदानच नाही. माझं बूथ पर्वत पाटियाच्या अलीकडे, जिथे दोन जागांची हद्द जवळ येते अशा ठिकाणी होतं. पहाटे मशीन लावत होतो तेव्हापासून पलीकडचे लोक येऊन विचारत होते, “आमचं इथे चालेल का?” एक आजोबा तर कार्ड दाखवून भांडले. आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं म्हणे. त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त भीती वाटली, की या गर्दीतला एखादा चुकून आत शिरला तर?

हितेशभाईंनाही तीच भीती होती. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. एका उमेदवाराचा एजंट म्हणून तो सकाळपासून ताठ बसून प्रत्येक नाव यादीशी ताडून बघत होता. एजंटचं कामच ते. आणि त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. आमच्या भागात लोक खोल्या बदलतात. आज लिंबायत, उद्या डिंडोली. नवीन ठिकाणी नाव चढतं, जुन्या ठिकाणचं उतरतंच असं नाही. दोन ठिकाणी नाव असलं की दोन ठिकाणी मत टाकायचा मोह कुणालातरी होणार. त्याला अडवायला मध्ये उभी असते ती फक्त डाव्या बोटावरची शाई.

नियम साधा आहे. मत देण्याआधी डावी तर्जनी तपासायची. आधीची खूण असेल तर मत नाही. खूण पुसायचा प्रयत्न केलेला असेल तरीही मत नाही. हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. पुसायचा प्रयत्न केलाय हे ओळखायचं कसं, ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

“नाव काय तुमचं?” मी त्या माणसाला विचारलं.

“देविदास.” त्याचा आवाज बसला होता. पंचेचाळिशीचा, काटक, दाढीचे खुंट पांढरे व्हायला लागलेले. अंगात मात्र इस्त्रीचा शर्ट होता. “पलसाण्याला डाईंगमध्ये आहे, म्याडम. आम्ही सगळे. रातपाळी करून सरळ इकडेच आलो.”

“हाताला काय लावलंय?”

“काही नाही लावलं. धुतले.”

“कशाने?”

“हायड्रोनी.”

हितेशभाईंनी टाळी वाजवल्यासारखे हात एकत्र आणले. “जोयुं? पोते बोले छे!”

हायड्रो म्हणजे डाईंगमध्ये वापरतात ती पांढरी पावडर. कापडावरचा रंग बिघडला की ती टाकून रंग उतरवतात. रंगखात्यात काम करणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत निळे, जांभळे, कधी मरून झालेले असतात. साबणाला तो रंग जुमानत नाही. मग एरवी ते तसेच हिंडतात. पण घरी लग्न असलं, सण असला, कुलदैवताला जायचं असलं, की आदल्या पाळीला हायड्रोच्या पाण्यात हात घालून घासतात. आमच्या शाळेत पालकसभेला येणारे काही बापही तसेच पांढरे हात घेऊन येतात. हे मला माहीत होतं. पण आत्ता इथे माहीत असून उपयोग काय? मी प्रिसायडिंग होते, त्यांच्या गल्लीतली ताई नव्हते.

“रंगेल हात लईसन मतले कसं येवानं, म्याडम?” देविदास अहिराणीवर आला. रंगलेले हात घेऊन मत द्यायला कसं यायचं! त्याला तो साधा शिष्टाचार वाटला होता. सगळ्या टोळीने देवाला जाताना धुवावेत तसे हात धुतले होते आणि नेमके त्यामुळे सगळे चोरासारखे दिसत होते.

“चॅलेंज करुं छुं,” हितेशभाई म्हणाले.

चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीलाच हरकत घेणं. त्याची वेगळी पद्धत आहे, किरकोळ रक्कम भरावी लागते, मग मी चौकशी करते. मी विचारलं, “हा देविदास नाहीच, असं तुमचं म्हणणं आहे का?”

“ना, ना. देविदास तो छे ज. ओळखुं छुं ने.”

“मग चॅलेंज लागत नाही, हितेशभाई. तुमची हरकत बोटाला आहे, माणसाला नाही.”

“तो आंगळीनुं शुं करशो?”

तेच तर मला कळत नव्हतं.

मी त्या सगळ्यांना बाजूला बाकावर बसवलं. मतदान थांबवता येत नाही, त्यामुळे रांग पुढे सरकत राहिली. पोलिंग ऑफिसर मकवाणाभाई शाई लावत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष माझ्याकडे होतं. मी कोपऱ्यात जाऊन झोनल ऑफिसरना फोन लावला. झोनल ऑफिसर म्हणजे आठ-दहा बूथांवर फिरणारे वरिष्ठ. देसाईसाहेब. फोन लागला हेच नशीब.

“साहेब, काही मतदार हायड्रोने हात धुऊन आलेत. एजंट म्हणतो शाई काढलीय.”

“निशान छे के नथी?”

“दिसत तर नाही.”

“तो वोट आपवा दो.”

“पण खरंच काढलेली असली तर?”

“तो ना आपवा दो.”

“ते ओळखायचं कसं, साहेब?”

“ए तो तमारे जोवानुं, मीनाबेन. प्रिसायडिंग तमे छो.” आणि मग जरा मऊ आवाजात, “हुं आवुं छुं.”

मी फोन ठेवला. द्यावं तर बोगस मतदान करू दिलं म्हणून सस्पेन्ड. न द्यावं तर खऱ्या मतदारांना हाकललं म्हणून तक्रार. फेरमतदान झालं तर बातमीत बूथचा नंबर येणार. डोक्यात असले विचार आणि समोर बाकावर ते सगळे हात मांडीवर उपडे ठेवून बसलेले. जेवणाची पंगत बसावी तसे ओळीने.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक बाई बाहेर आली. डाव्या बोटावर ताजी शाई. ती सरळ देविदाससमोर जाऊन उभी राहिली. त्याची बायको, सुनंदा.

“म्हनेल व्हतं मी, साबननी धोवा. तुमले हायड्रोच लागस!” मग माझ्याकडे वळून मराठीत, “म्याडम, यांना पाठवू नका परत. गावाहून नाव काढून आणलंय यांनी.”

मी तिला बाहेर थांबायला सांगितलं, पण दारातून जाता जाता तिने जे सांगायचं ते सांगितलंच. देविदासचं मत आजवर शहाद्याकडच्या गावी होतं. बायकोचं इथे, त्याचं तिथे. दर मतदानाला तो पाळी बुडवून गावी जायचा. इथे कुणी विचारलं, तुझा वोट कुठे, तर गप्प बसायचा. गल्लीत गटाराचं काम अडलं तरी त्याचं कुणी ऐकायचं नाही. वोटच नाही तर तू कोण? गेल्या वर्षी त्याने फॉर्म भरून नाव इकडे आणलं. त्यावरून गावी मोठा भाऊ चिडला. मत नेलंस म्हणजे गावच सोडलंस, म्हणाला.

म्हणजे आज मी याला परत पाठवलं तर गावातही मत नाही आणि इथेही नाही. वर ‘बोगस’ हा शिक्का, तोही गल्लीतल्या लोकांसमोर. त्या बाकाकडे बघवेना.

“देविदासभाऊ, कार्ड दाखवा पुन्हा,” मी म्हटलं. काहीतरी करायचं म्हणून. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. कार्ड बाहेर आलं आणि त्याच्याबरोबर कागदाची एक लहान पुडी टेबलावर पडली.

हितेशभाईंची झडप माझ्याआधी. “आ शुं छे?”

पुडीत हायड्रो होती.

दारातला कॉन्स्टेबल दोन पावलं आत आला. देविदासचा चेहरा उतरला.

“आमचा एक जण सुट्टीवर आहे,” तो म्हणाला. “घरून येणार आहे मत द्यायला. त्याचे हात रंगलेले असतील म्हणून आणली. त्याच्यासाठी, म्याडम. आईशपथ.”

माझा त्याच्यावर विश्वास बसला. अगदी पूर्ण बसला. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं, की माझ्या विश्वासाला इथे शून्य किंमत आहे. डायरीत काय लिहू? ‘मतदाराच्या खिशात पावडर मिळाली, परंतु चेहरा प्रामाणिक वाटला’?

“पोलीसने सोंपो, मॅडम,” हितेशभाई म्हणाले. “बधाने.”

बाकावरचा एक जण उठला. “आम्ही जातो, म्याडम. नको आम्हाला मत.” दुसराही उठायला लागला. पोलिसांचं नाव निघालं की गरीब माणूस आधी बाहेरची वाट शोधतो.

“बसा,” मी म्हटलं. वर्गात ओरडते तशी ओरडले. ते बसले. हितेशभाईही बसले.

ओरडल्यावर मला जरा सुचायला लागलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, की या शाईत चांदीचा क्षार असतो आणि ती कशाने जात नाही. कशानेच नाही, म्हणाले होते. पण तिथे असंही म्हणाले होते, की मशीन कधी अडत नाही. आमचं पहाटेच दोनदा अडलं होतं. हायड्रोने शाई जाते की नाही, हा एकच प्रश्न होता. जात असेल, तर या माणसांविषयी मी काहीच सांगू शकत नाही. जात नसेल, तर त्यांच्या बोटावर आत्ता जे नाही ते कधी नव्हतंच.

आणि शाई लावलेलं, मला हक्क असलेलं बोट त्या खोलीत एकच होतं.

मी राहते उधन्याला, म्हणजे याच जागेत. इलेक्शन ड्यूटीवरच्या माणसाला एक सर्टिफिकेट मिळतं, ते दाखवून जिथे ड्यूटी आहे तिथेच मत देता येतं. मी सकाळी सगळ्यांत आधी मत दिलं होतं. डाव्या तर्जनीवर मकवाणाभाईंनी काढलेली लांब जांभळट-काळी रेघ होती.

“मकवाणाभाई, ग्लासभर पाणी द्या.”

“मॅडम?”

“द्या हो.”

सगळ्या एजंटांना मी खिडकीजवळ बोलावलं. रांग दिसेल, मशीनकडे पाठ होणार नाही, अशा बेताने उभी राहिले. पुडीतली पावडर पाण्यात टाकली. सगळी नाही, थोडी हितेशभाईंच्या समोर कागदात राखून ठेवली, उद्या कुणी म्हणायला नको की दुसरीच होती. “देविदासभाऊ, तुम्ही हात कसे धुता? किती वेळ?”

“बुडवायचे, म्याडम. मग घासायचे. आग होते.”

मी बोट बुडवलं. आग झाली. घासलं. त्या वासाने खोकला आला. आणि तेव्हा दारात देसाईसाहेब उभे राहिले.

“मीनाबेन! आ शुं करो छो? पोतानुं निशान काढो छो?”

त्या वेळी मी कशी दिसत असेन, ते आज आठवलं तरी घाम फुटतो. भरल्या बूथमध्ये प्रिसायडिंग ऑफिसर ग्लासात बोट घालून मतदानाची शाई घासतेय आणि बाजूला एजंट, पोलीस, मतदार सगळे बघतायत. मकवाणाभाईंनीच त्यांना बाजूला घेऊन गुजरातीत सगळं सांगितलं. साहेबांनी रुमालाने टक्कल पुसलं आणि ते जिथे होते तिथेच थांबले. पुढे आले नाहीत. पुढे आले असते तर त्यांचंही नाव लागलं असतं ना.

मी बोट बाहेर काढलं.

जांभळा रंग गेला होता. रेघेच्या जागी फिकट, मळकट तपकिरी डाग उरला होता. हितेशभाईंनी वाकून पाहिलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. माझ्या मनात एकाच वेळी दोन विचार आले. एक, या लोकांचं मत मी माझ्या हाताने घालवलं. दोन, माझी नोकरीही. बाकावर देविदासने मान खाली घातली होती. त्याने लांबून बघूनच ओळखलं असावं. रंग उतरलेला त्याला नाही ओळखू येणार तर कुणाला?

“एक मिनिट,” मकवाणाभाई म्हणाले. “मॅडम, बोट उजेडात धरा.”

मी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला. ऊन पडलं होतं. तपकिरी डाग गडद व्हायला लागला. आधी कडेने, मग मधे. नखाच्या मुळाशी तर डोळ्यांदेखत काळा झाला. जांभळट काळा नाही, तव्याच्या बुडासारखा काळा. मी पदराने पुसलं, साध्या पाण्याने धुतलं, पुन्हा हायड्रोत बुडवलं. जितकं धुवावं तितकं ते काळं. हायड्रोने शाईतला जांभळा रंग नेला आणि खाली जी चांदी होती ती काळी करून वर आणली. मी ते बोट हितेशभाईंच्या चष्म्यासमोर धरलं.

“काढून दाखवा,” मी म्हटलं. माझा आवाज चिरकला.

हितेशभाईंनी राखलेली पावडर उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. “रहेवा दो,” ते म्हणाले. मग स्वतःच बाकाकडे गेले आणि एकेकाची डावी तर्जनी वळवून, नखाच्या मुळाशी, पेरावर, नीट बघत सुटले. या वेळी मी त्यांना हात लावू दिला. कुणाच्याही बोटावर काळा ठिपकाही नव्हता. पांढरी, सुरकुतलेली, आग झालेली बोटं, बस्स.

“साहेब?” मी देसाईसाहेबांना विचारलं.

“निर्णय तमारो,” ते म्हणाले. “डायरीमां लखजो.” आणि पुढच्या बूथकडे निघून गेले.

देविदास पहिला आला. मकवाणाभाईंनी त्याच्या बोटावर शाई लावली. बोटात हायड्रो मुरलेलीच होती, त्यामुळे रेघ ओढतानाच काळी पडली. मकवाणाभाई दचकले. देविदासने सही केली, पडद्यामागे गेला. बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, आता मशीन अडलं. मग लांब बीप वाजली. तो बाहेर आला, मला नमस्कार करायचा म्हणून हात जोडले, काय वाटलं कुणास ठाऊक, हात पटकन खाली घेतले आणि तसाच गेला. बाहेर सुनंदा त्याला काहीतरी बोलली. बहुतेक साबणाचंच.

नंतर मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. थोडंसंच. मकवाणाभाईंनी उगाच यादी चाळत असल्याचं सोंग केलं.

काही आठवड्यांनी मला नोटीस आली. ‘मतदान केंद्रामध्ये स्वतःच्या बोटावरील शाई पुसण्याचा प्रयत्न का केला, याचा खुलासा करावा.’ कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. मी तीन पानं लिहिली. नवऱ्याने वाचून अडीच पानं खोडली. खुलासा मान्य झाला, पुढे काळजी घ्यावी असं उत्तर आलं. काळजी घ्यावी, आणि तेही मला!

शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी देविदास पत्ता काढत आमच्या शाळेत आला. मुलीला पाचवीत घालायचं होतं. हात नेहमीसारखे निळे होते. बसल्यावर त्याने आपणहून डावं बोट पुढे केलं. नखाची काळी रेघ अर्ध्यावर सरकली होती. माझंही तसंच होतं. आम्ही दोघांनी बोटं शेजारी धरून पाहिली.

“आखाजीच्या सणाला गावी गेलतो,” तो म्हणाला. “तिकडचं मतदान आपल्यानंतर होतं ना. मोठ्या भावाने, आप्पांनी, मतदानाची स्लिप दाखवली. माझ्या नावाची. नाव तिथून निघालंच नव्हतं, म्याडम.”

हितेशभाई म्हणत होते ते हेच. दोन ठिकाणी नाव. बूथ वेगळं, यादी वेगळी, पण गोष्ट तीच.

“मग?” मी विचारलं.

“आप्पा म्हने, तुन्हाकडे हायड्रो शे ना, धुई टाक. मी म्हन्तं, आप्पा, त्याघाई ते आखो काळं व्हस.” त्याने ते आणखीच काळं होतं! तो खो खो हसला.

मला हसू येईना. मास्तरकीची खोड, मी विचारलंच, “आणि काळं होत नसतं तर?”

त्याचं हसू थांबलं. तो रागावला नाही. मुलीच्या अर्जाची घडी उलगडत म्हणाला, “म्याडम, मत इकडे आणलं म्हणून भाऊ माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता. आता पुन्हा बोलत नाही. दोन्हीकडे द्यायचं असतं तर भाऊ कशाला गमावला असता?”

मी अर्ज घेतला आणि मुलीचं नाव भरायला लागले.

आता इलेक्शन ट्रेनिंगमध्ये मला बोलायला दोन मिनिटं देतात. मी सांगते, की मतदाराचं बोट नीट तपासा, हायड्रोने शाई जात नाही, आणि डाईंगच्या वस्तीत आधीच जाऊन सांगा की रंगलेल्या हातांनी आलात तरी चालेल, धुऊन येऊ नका. लोक हे लिहून घेतात. बोटावरची खूण पुसता आली असती तरी देविदासने दुसऱ्यांदा मत दिलं नसतं, हे मात्र मी तिथे सांगत नाही. ते कुणाला तपासून दाखवता येत नाही.